सीमाभागातून परदेशी विद्यापीठात एक वर्ष: क्रेडिट, कागद, पैसे, घर

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातून वर्षासाठी किंवा एका सेमिस्टरसाठी बाहेरच्या विद्यापीठात जाणारी मुलं आता बरीच दिसतात. पूर्ण पदवीसाठी जाणाऱ्यांना माहिती ढीगभर मिळते. इथली नोंदणी चालू ठेवून, तिकडे शिकून परत इथेच पदवी घेणाऱ्यांची अडचण वेगळी असते, म्हणून हा धागा. ज्याला जे नक्की माहीत आहे तेवढंच लिहावं.

सुरुवात क्रेडिटपासून करतो, कारण बाकी सगळं निस्तरता येतं, हे येत नाही.

व्हिसा, तिकीट, बॅग यांच्या आधी दोन कागद हातात हवेत. पहिला लर्निंग ॲग्रीमेंट: तिकडचा कोणता विषय इथल्या कोणत्या विषयाच्या बदली धरणार, त्याची यादी. त्यावर विद्यार्थी, इथलं कॉलेज आणि तिकडचं विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या. युरोपात वर्षाला ६० ईसीटीएस (तिकडची क्रेडिट मोजण्याची पद्धत) म्हणजे सेमिस्टरला ३०. आपल्याकडे सेमिस्टरला साधारण २० क्रेडिट असतात, म्हणजे तिकडचा ६ ईसीटीएसचा विषय इथल्या ४ क्रेडिटच्या विषयाजवळ येतो. पण नुसते आकडे जुळून भागत नाही, अभ्यासक्रमही जुळावा लागतो. तिकडच्या विषयपुस्तिकेची पानं आणि इथला सिलॅबस शेजारी शेजारी लावून विभागप्रमुखांकडून प्रत्येक ओळीवर सही घ्या.

कॉलेज स्वायत्त असेल तर निर्णय कॉलेजात होतो. संलग्न असेल तर मार्क्स कार्ड विद्यापीठ देतं, त्यामुळे प्राचार्यांच्या पत्रावर थांबू नका, विद्यापीठाची लेखी मान्यता घ्या. व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) मुख्यालय बेळगावजवळ मच्छेलाच आहे, तेव्हा आपल्याकडच्या मुलांनी समक्ष जाऊन पाठपुरावा करावा.

दुसरा कागद बहुतेक जण विसरतात: गुण बदलण्याचा तक्ता. जर्मनीत १.० सर्वांत उत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. म्हणजे १.७ हा फार चांगला गुण. इथल्या परीक्षा विभागाला आधी काही सांगितलेलं नसेल तर तोच १.७ दहापैकी समजला जातो आणि महिनोन्महिने पत्रव्यवहार चालतो. तिकडे 'सुधारित बव्हेरियन सूत्र' वापरतात. ते उलटं फिरवलं की असं होतं: १० वजा (जर्मन गुण वजा १) भागिले ३ गुणिले (१० वजा इथला किमान पास गुण). किमान ४ धरला तर १.७ चे ८.६ होतात आणि २.३ चे ७.४. किमान ५ धरला तर १.७ चे ८.८ आणि २.३ चे ७.८. म्हणून किमान किती धरणार, हेही त्या कागदावर आकड्यात लिहून घ्या.

इंग्लंडमध्ये ७० च्या वर म्हणजे पहिला वर्ग आणि ४० ला पास. तिथले ६८ सरळ इथे ६८ टक्के म्हणून चढवले की मुलाचं नुकसान. फ्रान्समध्ये २० पैकी १० ला पास, १४ चांगले, १६ फार चांगले. तिथेही टक्केवारी काढून चालत नाही. जाण्याआधी तक्ता मंजूर झाला नाही तर मागाहून कोणीही जबाबदारी घेत नाही.

---

निपाणी_स्टँड

क्रेडिटचं अगदी बरोबर. दुसरं महत्त्वाचं म्हणजे नाव.

आपल्या भागात एकाच मुलाचं नाव तीन तऱ्हेने असतं. एसएसएलसी (दहावीच्या) कार्डावर आडनाव आधी किंवा नुसती इनिशियल, आधारवर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर सगळं 'गिव्हन नेम'मध्ये आणि आडनावाचा रकाना रिकामा. आडनाव रिकामं असेल तर अमेरिकेच्या व्हिसावर ते एकच नाव आडनावात टाकतात आणि पुढच्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापतात. मग तिकडच्या विद्यापीठाचा ईमेल, बँक, विमा, सगळीकडे तेच एफएनयू चालू होतं. पासपोर्टमध्ये आडनाव वेगळं काढून घेणं हे अर्जाच्या आधीचं काम आहे. ऑफर लेटर आल्यावर नाव बदललं तर ऑफर लेटरही बदलून घ्यावं लागतं.

जन्मदाखला आजच काढून बघा. पुष्कळ जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाचा रकाना कोरा असतो, फक्त आईवडिलांची नावं. शाळेला, पीयूला (अकरावी-बारावीला) कोणी विचारत नाही, त्यामुळे लक्षातही येत नाही. फ्रान्सला सामाजिक सुरक्षेच्या नोंदणीला जन्मदाखला लागतो. इंग्लंडला आईवडिलांच्या खात्यावरचे पैसे दाखवायचे असतील तर नातं सिद्ध करायला तोच, आणि सोबत त्यांचं संमतीपत्र. नाव चढवायचं काम जिथे जन्माची नोंद आहे तिथेच होतं, महानगरपालिका असो की पंचायत. ते आठवड्यात होईल असं धरून चालू नका.

आणि गावाचं नाव. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बेळगावी झालं. जुन्या पासपोर्टवर 'बेळगाम', नव्या दाखल्यावर 'बेळगावी'. परदेशी कारकुनाला ही दोन गावं वाटतात. प्रत्येक फॉर्मवर जन्मस्थळ पासपोर्टवर जसं आहे अक्षरशः तसंच लिहा, आणि दोन्ही नावं एकाच गावाची आहेत असं इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरी करून फाइलमध्ये ठेवा.

---

अंगोळ_रहिवासी

निपाणीच्या अण्णांच्या म्हणण्यात एक भर. कन्नड कागदाचं इंग्रजी भाषांतर केलं आणि नोटरीचा शिक्का मारला की झालं, असं बरेच जण समजतात. इंग्लंडच्या व्हिसाला भाषांतरकाराने स्वतः लिहून द्यावं लागतं की भाषांतर अचूक आहे, खाली तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्काचा पत्ता. नुसता शिक्का असला तर कागद बाजूला पडतो. उत्पन्नाचा दाखला, घराचा खाता उतारा (मालमत्तेच्या नोंदीचा कागद), लहानपणीचं लसीकरण कार्ड, हे आपल्याकडे कन्नडातच असतात, तेव्हा भाषांतरं एकाच माणसाकडून, एकाच स्पेलिंगने करून घ्या.

---

पालक_चिकोडी

नमस्कार. मुलगी पुढच्या वर्षी एका सेमिस्टरला इंग्लंड किंवा पूर्ण वर्ष जर्मनीला जाईल असं दिसतंय. आमच्या ठेवी गावच्या सोसायटीत आहेत, शेती आहे. सोसायटीचं सर्टिफिकेट व्हिसाला चालतंय का? आणि शेतीवर कर्ज मिळतंय का?

---

खडेबाजार_शहापूर

काका, दोन्हींना उत्तर 'नाही'च धरून चाला, म्हणजे वेळेत दुसरी सोय होईल.

सोसायटी ही रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालची बँक नसते. इंग्लंडला पैसे नियमनाखालच्या वित्तसंस्थेत असावे लागतात. ठेव मोडून बँकेत आणा, आणि लवकर आणा, कारण तिथे २८ दिवसांचा नियम आहे. पूर्ण रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी, एक दिवसही कमी पडता कामा नये, आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपासून मागे ३१ दिवसांच्या आत यायला हवा. मधेच एटीएममधून दोन हजार काढले आणि शिल्लक ठरलेल्या रकमेखाली गेली तर मोजणी पहिल्यापासून. म्हणून हे पैसे घरखर्चाच्या खात्यात ठेवू नका, वेगळं खातं करा. (सहा महिन्यांहून कमी मुदतीचा कोर्स असेल तर व्हिसाचा प्रकार बदलतो, तेव्हा सेमिस्टरच्या तारखा ऑफर लेटरवर आधी बघा.)

शेतीचं असं की सरफेसी कायद्याच्या (बँकांना तारण विकून थकीत कर्ज वसूल करू देणारा कायदा) कलम ३१ मध्ये शेतजमीन वगळलेली आहे. बँकेला ती जप्त करून विकता येत नाही, म्हणून मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँका शेतीचा उतारा तारण धरायला तयार नसतात. एनए प्लॉट किंवा खाता असलेलं घर लागतं. तारणाच्या कागदांची छाननी बँकेचा वकील करतो, त्यात वेळ जातो. वाटणीपत्र नोंदलेलं नसेल, वारसनोंद राहिलेली असेल, तर गाडी तिथेच अडते.

पैसे पाठवताना ए२ फॉर्म भरावा लागतो. १ एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस (बँक पैसे पाठवतानाच कापून घेते तो कर) नाही, आणि मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशावरही नाही. १० लाखांच्या वरच्या रकमेवर कापला गेला तर ज्याच्या पॅनवर कापला त्याने रिटर्न भरून तो परत मागायचा. शेतकरी वडील रिटर्न भरत नसतील तर त्या वर्षी भरावं लागेल. नाहीतर ती रक्कम तशीच पडून राहते.

---

तिलारी

जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटबद्दल (व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून दाखवायचं खातं) लिहितो. १ सप्टेंबर २०२४ पासून रक्कम महिन्याला ९९२ युरो, वर्षाला ११,९०४. हे पैसे आधी भरायचे आणि तिकडे गेल्यावर दरमहा ९९२ प्रमाणे सुटतात.

चुकतं कुठे? बरोबर ११,९०४ पाठवतात. वाटेत मधल्या बँका आपलं शुल्क कापून घेतात, तिकडे ११,८७० पोचतात, आणि रक्कम अपुरी म्हणून खात्याचं प्रमाणपत्र येत नाही. पाठवताना 'सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडे' हा पर्याय निवडा, खाते उघडण्याची फी वेगळी धरा आणि वर ५० ते १०० युरो जास्त टाका. जास्तीचे पैसे परत मिळतात.

दुसरं म्हणजे पहिला महिना. तिकडे चालू खातं उघडल्याशिवाय ब्लॉक्ड अकाउंटमधून दमडी सुटत नाही, आणि खात्याला बऱ्याचदा पत्त्याची नोंदणी लागते. तोवर भाडं, घराची अनामत, पास, जेवण हे फॉरेक्स कार्डावर चालवायचं. अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी घेता येते. ती आणि दोन महिन्यांचा खर्च बाजूला काढल्याशिवाय निघू नका.

नोकरी करून खर्च काढू, हा हिशेब धरू नका. नियमाने वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पण भाषा न येणाऱ्याला पहिल्या सेमिस्टरला काम मिळणं अवघड, आणि ३० ईसीटीएस म्हणजे सेमिस्टरला ७५० ते ९०० तास अभ्यास.

---

कोल्हापूर_निपाणी_पास

घर निपाणीला आणि कॉलेज कोल्हापूरला असेल तर व्हिसाचा अर्ज मुंबईला करायचा की बेंगळुरूला? एजंट मुंबई म्हणतोय.

---

निपाणी_स्टँड

तुम्ही राहता कुठे यावर ते ठरतं. जर्मनीसाठी कर्नाटकातले रहिवासी बेंगळुरूच्या वाणिज्य दूतावासाखाली येतात. कोल्हापूरला वसतिगृहात राहत असाल तर वसतिगृहाचं पत्र आणि बोनाफाइड असा राहण्याचा पुरावा हवा. रोज पासावर ये-जा असेल तर बेंगळुरूच. चुकीच्या केंद्रात गेलात तर अर्ज घेत नाहीत, आणि अपॉइंटमेंट पुन्हा मिळायला आठवडे जातात.

एजंटचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. जर्मनीला जाणाऱ्यांकडून अपोस्टिलचे (कागद खरा असल्याचा परदेशासाठीचा सरकारी शिक्का) पैसे घेणारे आहेत. भारताचं अपोस्टिल जर्मनी मानत नाही. तिथे भारतीय कागदांच्या तपासणीसाठी एपीएस प्रमाणपत्र आहे, १ नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसाला ते सक्तीचं झालं. विद्यापीठांच्या करारातून थोड्या काळासाठी जात असाल तर तुमच्या व्हिसा प्रकाराला ते लागतं का, हे दूतावासाच्या चेकलिस्टवर बघा आणि यजमान विद्यापीठाकडून ईमेलवर लेखी घ्या. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

---

मार्कंडेय

घराबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

विद्यापीठाच्या वसतिगृहाचा अर्ज प्रवेश पक्का होण्याची वाट न बघता ज्या दिवशी खिडकी उघडते त्या दिवशी टाका. खासगी खोली बघताना 'मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअरने येईल' असा मेल आला की संभाषण थांबवा. ही ठरलेली फसवणूक आहे. खोली समक्ष किंवा तिथे असलेल्या कोणाकडून बघितल्याशिवाय एक युरोही पाठवायचा नाही.

जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, त्याला म्हणतात आन्मेल्डुंग. त्यासाठी घरमालकाच्या सहीचं 'हा इथे राहतो' असं पत्र लागतं, नुसता भाडेकरार चालत नाही. थोड्या दिवसांच्या पर्यटक खोल्यांत हे पत्र सहसा मिळत नाही. करार करण्याआधीच विचारा.

मग येते पत्रपेटी. ही बारीक गोष्ट वाटते, पण सगळं तिच्यावर अडतं. तिकडे इमारतीच्या दारात पेट्यांची रांग असते, प्रत्येकीवर आडनावाची पट्टी. पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, पट्टी बघतो. तुमचं आडनाव पट्टीवर नसेल तर पाकीट परत जातं. करक्रमांक, बँकेचं कार्ड, त्याचा पिन वेगळ्या पाकिटात, विम्याचं कार्ड, हे सगळं पोस्टाने येतं. राहायला गेल्याच्या दिवशीच आडनाव पासपोर्टवरच्या स्पेलिंगने कागदावर लिहून पट्टीच्या खाली चिकटवा आणि मालकाला कायमची पट्टी लावायला सांगा. दुसऱ्याच्या खोलीत वाटेकरी असाल तर पत्त्यात 'अमुक यांच्याकडे' असं घाला.

खोली ताब्यात घेताना भिंती, फरशी, बाथरूम, शेगडी यांचे तारखेसह फोटो काढा आणि ताबा-नोंदीवर डाग, भेगा लिहून घ्या. अनामत परत मिळते की नाही, ते या कागदावर ठरतं.

आणि स्वयंपाक करताना धुराचा अलार्म. मिरच्यांची फोडणी दिली की तो वाजतो. तो इमारतीच्या यंत्रणेला जोडलेला असेल तर अग्निशमन दल येतं आणि बिल तुमच्या नावे निघू शकतं. खिडकी उघडा, झाकण ठेवा, अलार्मवर पिशवी बांधू नका, त्याला दंड होतो.

---

टिळकवाडी_अक्का

खाण्याचं सांगते. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे कुंदा, पेढे, तूप घरीच ठेवा. निरोपाला आलेला प्रत्येक जण कुंद्याचा डबा देतो आणि तो विमानतळावर कचऱ्यात जातो. ताजा कढीपत्ताही नको, वाळवून न्या. चटण्या, मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, पापड चालतात, पण बिननावाच्या पुड्या नकोत. प्रत्येक पाकिटावर इंग्रजीत नाव आणि घटक लिहा.

कुकर तीन लिटरचा पुरतो. इंडक्शनवर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही, इंडक्शन तळाचाच घ्या. एक जास्तीची शिट्टी आणि गास्केट टाका. अमेरिकेला इथला मिक्सर नेऊ नका, तिथे वीज १२० व्होल्टची.

---

केएलई_रोड

औषधं आणि विमा. रोज गोळी लागणाऱ्याने डॉक्टरांकडून औषधाच्या मूळ घटकाचं नाव, मात्रा आणि आजार इंग्रजीत लिहून घ्या, कारण इथलं ब्रँडनाव तिकडच्या दुकानदाराला कळत नाही. औषधं मूळ पाकिटात, हातातल्या बॅगेत.

इंग्लंडला सहा महिन्यांहून जास्त जात असाल तर क्षयाची तपासणी लागते, तीही त्यांच्या यादीतल्याच केंद्रात. बेळगावातल्या कुठल्याही एक्स-रेवर भागत नाही, आणि प्रमाणपत्र सहाच महिने चालतं. अमेरिकेतली विद्यापीठं गोवर-गालगुंड-रुबेलाच्या दोन डोसांचा पुरावा मागतात. जुनं कार्ड सापडत नसेल तर दोन डोसांत किमान २८ दिवसांचं अंतर धरून वेळेत सुरू करा.

अमेरिकेला देवाणघेवाणीने जाणारे बहुधा जे-१ व्हिसावर असतात. त्यांच्या विम्यात प्रत्येक आजार किंवा अपघाताला किमान १,००,००० डॉलर, मायदेशी हलवण्यासाठी ५०,००० डॉलर हवेत आणि स्वतः भरायची रक्कम ५०० डॉलरपेक्षा जास्त नको. स्वस्तातला प्रवास विमा यात बसत नाही. पत्ता बदलला की १० दिवसांत तिथल्या कार्यालयाला कळवा.

---

मलप्रभाकाठ

अक्का, केएलई_रोड, छान माहिती. परीक्षेचं राहिलंय, ते घालतो.

इथे सेमिस्टरची फी भरली, फॉर्म भरला की हॉल तिकीट येतं. जर्मनीत बहुतेक ठिकाणी वर्गात बसणं वेगळं आणि परीक्षेची नोंदणी वेगळी. नोंदणीची मुदत परीक्षेच्या कितीतरी आठवडे आधी संपते. चुकली तर सगळी लेक्चर्स करूनही परीक्षेला बसता येत नाही, आणि मग लर्निंग ॲग्रीमेंटमधली ती ओळ इथे बॅकलॉग म्हणून दिसते. पोचल्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्येक विषयाच्या नोंदणीची आणि माघारीची शेवटची तारीख लिहून काढा.

व्हीटीयूत ५० गुण अंतर्गत असतात. तिकडे पुष्कळ विषयांत शेवटची एकच परीक्षा म्हणजे शंभर टक्के. अंतर्गतचा आधार नाही हे डिसेंबरमध्येच समजून घ्या. आणि असाइनमेंट जर्नल उतरवून काढल्यासारखी करायची नाही. उद्धृत न करता दोन परिच्छेद घेतले तर तो गैरप्रकार धरतात आणि विषय रद्द होतो.

विषय रद्द झाला किंवा वेळापत्रकात दोन विषय आदळले तर लगेच बदल मागा. पहिल्या काही आठवड्यांतच ॲग्रीमेंट बदलता येतं. नवा विषय घेण्याआधी इथल्या विभागप्रमुखांचं 'मान्य' असं उत्तर ईमेलवर हवं. फोनवर 'हो हो, घे' म्हटलं त्याला परीक्षा विभागात काही किंमत नाही.

---

उद्यमबाग

माझं मत थोडं वेगळं आहे. इंजिनिअरिंगच्या मुलांनी वर्षाऐवजी एकच सेमिस्टर करावं. पूर्ण वर्ष घेतलं की सातव्या सेमिस्टरच्या प्लेसमेंटला अडचण येते. शिवाय जर्मनीचं हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरला सुरू होऊन परीक्षा फेब्रुवारीत संपते, उन्हाळी एप्रिलला सुरू होऊन जुलैपर्यंत, कधी परीक्षा सप्टेंबरपर्यंत जाते. इथलं पुढचं सेमिस्टर तोवर सुरू झालेलं असतं आणि हजेरीची अट ८५ टक्के.

---

मलप्रभाकाठ

सातव्याबद्दल पटतं. पाचवं-सहावं बाहेर काढलं आणि सातव्याला परत आलं तर वर्षही जमतं. हजेरीसाठी परतीची तारीख ॲग्रीमेंटसोबतच प्राचार्यांना लेखी कळवून, उशिरा हजर होण्याची परवानगी आधी घ्यायची. भाषा आणि प्रकल्प या दोन्हींचा खरा फायदा दुसऱ्या सेमिस्टरलाच होतो, म्हणून ज्यांना पैशाचं झेपतं त्यांनी वर्ष सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

---

सांबरा_रनवे

प्रवासाचं थोडक्यात. सांबऱ्याहून (बेळगावच्या विमानतळावरून) बेंगळुरूचं तिकीट वेगळं काढलं तर देशांतर्गत १५ किलोचा नियम लागतो आणि तुमच्याकडे २३ किलोच्या दोन बॅगा असतात. एकाच बुकिंगमध्ये घ्या, नाहीतर जादा सामानाचे पैसे आधी ऑनलाइन भरा. रात्रीच्या बसने जात असाल तर विमानतळ शहरापलीकडे देवनहळ्ळीला आहे, आणि बस तुमकूर रोडवर सकाळच्या गर्दीत सापडते. त्याच दिवशी सकाळचं विमान धरू नका.

भारतातलं सिम चालू ठेवा, निघण्याआधी रोमिंग सुरू करून घ्या. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. कागद आणायला, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज द्यायला घरच्या कोणाच्या तरी नावे सहीचं अधिकारपत्र कॉलेजात देऊन ठेवा. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नोंदणी करा.

---

मार्कंडेय

परतीच्या आधीची कामं, कारण शेवटच्या महिन्यात सगळे फिरायला जातात आणि हीच राहतात.

अधिकृत गुणपत्रक निकालानंतर काही आठवड्यांनी तयार होतं. ते तिकडच्या कार्यालयाने इथल्या परीक्षा विभागाला थेट ईमेल करावं, असा अर्ज निघण्याआधीच देऊन या. विषयपुस्तिकेची त्या वर्षाची पानं डाउनलोड करून ठेवा, पुढच्या वर्षी पुस्तिका बदलते.

जर्मनीत पत्त्याची नोंद रद्द करण्याचा अर्ज घर सोडण्याच्या एक आठवडा आधीपासून ते सोडल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत देता येतो. त्याचा कागद जपून ठेवा. प्रसारण शुल्क (सरकारी रेडिओ-टीव्हीचं) घरामागे महिन्याला १८.३६ युरो असतं, आणि ते बंद करायला हाच कागद मागतात. नाहीतर बिलं त्याच पत्रपेटीत पडत राहतात आणि वसुली चालू राहते. बँक खातं मात्र लगेच बंद करू नका. अनामत आणि विम्याचा हिशेब त्याच खात्यात येतो, दोन-तीन महिने उघडं ठेवा.

---

पालक_चिकोडी

खडेबाजार, तिलारी, सगळ्यांचे आभार. सोसायटीची ठेव जूनला संपते. त्याआधी मोडून बँकेत आणतो. जन्मदाखला काढून बघितला, नावाचा रकाना कोराच आहे.

---

निपाणी_स्टँड

काका, मग उद्याच नोंदणी कार्यालयात जा. शाळेचा दाखला, एसएसएलसी कार्ड, तुम्हा दोघांचं आधार, आणि नावाचं प्रतिज्ञापत्र सोबत न्या. स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे इंग्रजी मोठ्या अक्षरांत वेगळ्या कागदावर लिहून द्या. कन्नडात ऐकून इंग्रजीत लिहिताना 'पाटील'चं स्पेलिंग दोन तऱ्हेने होतं. दाखला हातात आला की काउंटरवरून हलण्याआधी अक्षर अन् अक्षर तपासा.